ओल्या रंगाचा दरवाजा

मित्रांनो, माझ्यामागे घर नाही. कधीच नव्हतं. दरवाजा म्हटला की तुम्हाला वाटेल, आत खोल्या असतील, खुंटीवर कपडे टांगलेले असतील, कडी वाजवली की आतून कुणीतरी "कोण आहे?" म्हणून विचारेल. माझ्यामागे असायचा तो विजेच्या तारांचा गुंता, रिकाम्या खोक्यांचा ढीग आणि आत यायची वाट बघत ताटकळलेला एखादा नट. मी सिनेमातला जुना दरवाजा आहे.

माझा जन्म घाईत झाला. स्टुडिओच्या मागच्या शेडमध्ये सुतार डबा उघडून जेवायला बसला होता. तेवढ्यात सिनेमा काढणारे मास्तर आले.

"दुपारी दरवाजा लागतोय."

"कसला?" सुतारानं विचारलं.

"उघडणारा," मास्तर म्हणाले आणि गेलेसुद्धा.

सुतारानं डबा मिटला. कुठलंसं यंत्र ज्या खोक्यातून आलं होतं, त्या खोक्याच्या फळ्यांतून त्यानं मला उभं केलं. त्यामुळे मी दिसायला भारदस्त आणि उचलायला हलका. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! चौकटीला मागून दोन टेकू लावले आणि पायाशी वाळूची पोती ठेवली की मी कुठेही उभा राहत असे. माझ्या एका अंगाला तपकिरी पॉलिश आणि पितळी कडी होती, ती श्रीमंतांची बाजू. दुसऱ्या अंगाला विटका हिरवा रंग, ती गरिबांची. सिनेमातला श्रीमंत माणूस कंगाल झाला, की मला फक्त फिरवून ठेवायचे.

मास्तर भराभर सिनेमे काढत. पैसा नाही, मोठे नट नाहीत, पण उत्साह दांडगा. एक सिनेमा संपायच्या आत दुसऱ्याची जुळवाजुळव सुरू. त्यांनी इतके सिनेमे काढले, की सगळ्यांची नावं त्यांनाही आठवत नसत. "चला, उरकून घेऊ" हे त्यांचं पालुपद. म्हणून तोंडावर सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि पाठीमागे उरकमास्तर. त्या सगळ्या सिनेमांत दरवाजा एकच, मी. माझ्यातून डॉक्टर आले, चोर आले, जावई आले, एकदा तर बकरीही आली. थिएटरात मी पडद्यावर दिसलो की लोक शिट्ट्या मारतात, असं कानावर आलं होतं. नटांना मिळाल्या नसतील एवढ्या.

मला एक खोड आहे, भोचकपणाची. ती अगदी लाकडातच मुरलेली आहे. सिनेमा काही ओळीनं काढत नाहीत. सकाळी एखादी म्हातारी माझ्यातून रडत बाहेर पडायची आणि दुपारी तीच हसत आत यायची. ती का रडली, का हसली, मला कोण सांगणार? त्यातून महत्त्वाचं बोलणं सुरू झालं, की मला हमखास लावून घ्यायचे. मग मी चौकटीत बसून एकेका गोष्टीचा अंदाज करत राही.

तरी मला सगळ्यात जास्त छळलं ते सिनेमातल्या कोड्यानं नव्हे. ते कोडं मास्तरांच्या घरातलंच होतं.

मास्तरांना एक मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. ती माझ्या कडीपेक्षा उंच झाली तरी चिमणीच राहिली. कपड्यांना टाके घालायचे, नटांना रंग लावायचा, कुणी आलं नाही तर गर्दीत उभं राहायचं, अशी सगळी कामं ती करायची. पण तिला खरं वेड होतं अभिनयाचं. कॅमेऱ्यासमोरून कुणी बाजूला झालं की ती मागच्या मागे, माझ्याशेजारी, तेच काम हळूच करून बघायची. ते फक्त मला दिसायचं. मास्तरांनी कधीतरी "छान केलंस" म्हणावं, एवढीच तिची आस. पण मास्तर कुणालाच छान म्हणत नसत. काम आवडलं काय नि न आवडलं काय, ते म्हणत, "चला, पुढचं."

एकदा ठरलेली नटी ऐन वेळी दुसऱ्या, मोठ्या सिनेमात निघून गेली. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "चिमणे, तू उभी राहा."

गोष्ट साधी होती. भांडून घर सोडलेली मुलगी कैक वर्षांनी बापाकडे परत येते. बापाचं काम करणारे नट प्रत्येक सिनेमात बापच व्हायचे, म्हणून त्यांना सगळे 'वडील' म्हणत. त्यांची बायकोही चुकून तसंच हाक मारी म्हणे! कॅमेरा सुरू झाल्यावर वडिलांनी कप खाली ठेवून खिडकीकडे बघत सुस्कारा सोडायचा. मग मास्तर "ये" म्हणणार. मग चिमणीनं दार उघडून धावत यायचं, बापाच्या पायाशी बसायचं आणि वडिलांनी लांबलचक रागाचं भाषण करायचं, असं ठरलं होतं.

तेव्हा आमच्याकडे आवाज नंतर भरायचे. त्यामुळे कॅमेरा चालू असतानाही लोक खुशाल बोलत. रंगाऱ्यानं नुकताच माझ्या चौकटीला हिरव्या रंगाचा एक हात दिला होता. कॅमेरा सुरू झाला. वडील आपले चहाचा शेवटचा घोट संपवण्यात गुंग. रंगाऱ्यानं बादली उचलली आणि सभ्य माणूस जाताना म्हणतो तसं म्हणाला, "येतो, मास्तर."

मित्रांनो, आपल्याकडे जाणारा माणूस "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. पलीकडे उभ्या असलेल्या चिमणीला त्यातलं फक्त 'ये' ऐकू आलं. 'तो' माझ्या फळ्यांत अडकला. 'ध'चा 'मा' व्हावा तसा 'येतो'चा 'ये' झाला.

तिनं मला ढकललं आणि ती आत आली. वडिलांच्या ओठाला कप. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ही आत्ताच कशी उगवली? चिमणीला कळलं, आपलं काहीतरी चुकलं. एक पाय आत, एक बाहेर. तोल सावरायला तिनं माझ्या चौकटीवर हात ठेवला आणि रंग ओला असल्यामुळे तो चिकटला. तिनं हात सोडवून तळव्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे पाहिलं. "मी चुकीच्या वेळी आले का? परत जाऊ का?" असं सगळं तिच्या चेहऱ्यावर. वडील इतके गोंधळले, की भाषण विसरले. त्यांनी कप थोडा पुढे केला आणि म्हणाले, "चहा घेतेस?"

कॅमेरा थांबला. कुणी हसलं नाही.

चिमणीचे डोळे भरून आले होते. "बाबा, चुकलं माझं. परत घ्या ना."

मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "फिल्म संपली."

चिमणी हात धुवायला पळाली. ती दिसेनाशी झाल्यावर कॅमेरावाले म्हणाले, "अहो मास्तर, फिल्म तर अजून..." मास्तरांनी त्यांच्या पायावर पाय दिला. "चला, पुढचं," ते म्हणाले. आणि उरलेल्या फिल्मवर पुढचं काम झालंही! दुसऱ्या दिवशी रंगारी माझ्या चौकटीवरचा पंजाचा ठसा पुसायला आला, तेव्हा मास्तर त्याच्यावर खेकसले, "राहू दे तो."

हे माझं कोडं. फिल्म होती, तर मास्तर खोटं का बोलले? मी दरवाजा. मला दिसतं, ऐकू येतं, पण विचारता येत नाही. बरं, कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला तोंड लागत नाही.

सिनेमा लागला. चिमणी मैत्रिणींबरोबर बघून आली आणि दुसऱ्या दिवशी कपडे शिवता शिवता शिंपिणीला म्हणाली, "माझा तो शॉट आला तेव्हा सगळं थिएटर गप्प झालं गं. हसले असते तरी बरं वाटलं असतं. बाबांनी फिल्म वाचवायला माझी चूक चव्हाट्यावर मांडली." त्यानंतर ती कधीच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. माझ्याशेजारी तालीम करणंही तिनं सोडलं.

दिवस बदलले. रंगीत सिनेमे आले, मोठमोठे सेट आले. मास्तरांच्या सिनेमांना लोक 'उरकलेले सिनेमे' म्हणून हसू लागले. स्टुडिओला टाळं लागलं. चिमणीनं खुर्च्या, कंदील, टेलिफोन, आरसे असं जुनं सामान गोळा केलं आणि ते सिनेमावाल्यांना भाड्यानं द्यायचं दुकान काढलं. मीही तिथे एका भिंतीला टेकून उभा राहिलो. मास्तर दाराशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसत. माझ्या पायाला वाळवी लागली. माझ्यावर छत्र्या अडकवू लागले. सगळ्यांना फायबरचे दरवाजे हवे होते, मला कोण विचारतो!

पण मजा अशी, की मास्तरांचा तो सिनेमा दुपारच्या वेळी टीव्हीवर अधूनमधून लागायचा. दुपारी घरी कोण असतं? आजारी पडलेली मुलं. पांघरुणात पडल्या पडल्या त्यांनी तो पाहिला, आणि त्यांतली काही मोठी होऊन दिग्दर्शक झाली.

त्यातले एक उंच गृहस्थ मला भाड्यानं घेऊन गेले. त्यांच्या सेटवर मी कान टवकारून उभा होतो. त्यांनी नायिकेला सांगितलं, "दार उघड, अर्ध्यात थांब. हात चौकटीवर. मग तळहाताकडे बघ."

"तळहातात काय बघायचं?" नायिकेनं विचारलं.

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले, "पण बघायचं."

माझा रंग केव्हाच वाळून खडखडीत झाला होता! तरी ती बाई आपल्या स्वच्छ तळव्याकडे बघत उभी राहिली, आणि समोरचा माणूस तिला म्हणाला, "जेवलीस का?" मला हसू येत होतं आणि अंगावर काटाही येत होता. कारण खरं सांगू? ते फार चांगलं दिसत होतं.

मग हे लोण पसरलंच. रंगारी जिथे कामाला जाई तिथे फुशारकीनं सांगे, "माझ्या 'येतो'वर आली बरं का ती!" त्यामुळे कामगारांनी त्या शॉटचं नाव 'येतो' पाडलं. पुढे किस्सा विरला, नाव तेवढं राहिलं. एक तरुण दिग्दर्शक दुकानात आला आणि म्हणाला, "मला शेवटी एक झकास 'येतो' घ्यायचाय." त्यानं मास्तरांचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यानं तो शॉट उंच साहेबांच्या सिनेमातून उचलला होता. त्याला म्हणे दवाखान्यातल्या सरकत्या काचेच्या दारात 'येतो' हवा होता! चौकट नाही, कडी नाही, कशात काय नि फाटक्यात पाय. त्याच्या मदतनिसानं विचारलं, "याला 'येतो' का म्हणतात?" तर हा म्हणतो, "पात्र आत येतं ना, म्हणून." एका विद्वानांनी तर दुकानात उभं राहून समजावलं, की तळहाताच्या रेषा म्हणजे माणसाचं नशीब. मास्तरांच्या हातातलं वर्तमानपत्र तेव्हा बराच वेळ हलत होतं.

मी रात्रंदिवस विचार करायचो. एका माणसाच्या हातून झालेली गोष्ट, ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नाही त्यांच्यापर्यंत कशी पोचते? आणि पोचताना रंग गळून पडतो, बादली गळून पडते, नावसुद्धा गळून पडतं, मग उरतं ते काय?

चिमणीला मात्र यातलं काही गोड लागत नसे. कुणी "येतो" म्हटलं, की ती काहीतरी काम काढून आत निघून जाई. तिला वाटायचं, तिच्या चुकीला या धंद्यात नाव पडलंय आणि गावभर लोक तिला हसताहेत. मला कडी आपटून सांगावंसं वाटे, अगं, हसत नाहीत ते! पण मी पडलो भिंतीला टेकलेला.

एका सकाळी एक दिग्दर्शक बाई आल्या. आखूड केस, खांद्याला मोठी पिशवी. कंदील बघत बघत त्या माझ्यापाशी आल्या. माझ्यावरच्या छत्र्या त्यांनी एकेक करून खाली ठेवल्या आणि चौकटीवरच्या ठशावर आपला पंजा ठेवून पाहिला. त्यांचा हात थोडा मोठा होता.

"हा तोच दरवाजा का हो?" त्यांनी विचारलं.

"हो," चिमणी म्हणाली. "आणि ती चुकलेली मुलगी मीच. हसायचं तर हसून घ्या."

"हसू? अहो, तुम्हाला बघून मी सिनेमात आले! माझ्या तिन्ही सिनेमांत तुम्ही आहात. असा शॉट किती वेळा घ्यावा लागला?"

"एकदाच. माझी चूक झाली होती. फिल्म संपली म्हणून तो राहिला."

बाई गोंधळल्या. "फिल्म कुठे संपली होती? शिकत होते तेव्हा मी तो सिनेमा हातात घेऊन पाहिलाय. फिल्मच्या कडेला ओळीनं आकडे छापलेले असतात. सिनेमातल्या वडिलांच्या आजारपणाचा सगळा प्रसंग त्या शॉटच्या पुढच्याच आकड्यांवर आहे. म्हणजे त्याच रिळावर."

चिमणी हळूहळू मास्तरांकडे वळली.

"बाबा?"

मास्तरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"बाबा, फिल्म होती?"

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "होती."

"मग खोटं का बोललात?"

"परत घेतलं असतं तर तू बरोबर केलं असतंस," मास्तर म्हणाले. "धावत आली असतीस, पायाशी बसली असतीस. तसं सगळ्याच मुली करतात. खरंच घर सोडून गेलेली पोर अशीच येते गं, एक पाय बाहेर ठेवून. मला ते लिहिता आलं नव्हतं. तू ते करून दाखवलंस."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर पुढच्या वेळी तू मुद्दाम चुकली असतीस."

"पण पुढची वेळ आलीच नाही, बाबा," ती म्हणाली.

मित्रांनो, माझं कोडं सुटलं होतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते उत्तर मिळालं आणि मला जरासुद्धा आनंद झाला नाही. मास्तरांकडे पाहवत नव्हतं. एवढे सिनेमे उरकले त्यांनी, पण एक वाक्य राहून गेलं होतं.

दिग्दर्शक बाईंनी खाली ठेवलेल्या छत्र्या उगाच नीट रचल्या. मग म्हणाल्या, "माझ्या नव्या सिनेमात एक आई आहे. मुलाच्या घरी पहिल्यांदा जाते. मला हा दरवाजा हवाय. आणि तुम्ही."

"मला आता जमायचं नाही," चिमणी म्हणाली.

"नाही जमलं तर परत घेऊ. आता फिल्म संपत नाही. हवं तेवढं घेता येतं."

माझ्या पायाला औषध मारलं, कुजलेली फळी बदलली आणि टेंपोत घालून मला नेलं. मोठा, उजेडाचा सेट होता. मास्तरही आले. त्यांना कॅमेऱ्यामागे खुर्ची दिली होती. चिमणी माझ्यामागे येऊन उभी राहिली. आता तिचे केस पांढरे झाले होते. तारांचा तोच गुंता, तीच खोकी. तिनं माझी कडी दोनदा चाचपून पाहिली, ते फक्त मला कळलं.

पहिल्या वेळी ती आत गेली, थांबली, आणि सगळे गप्प झाले. या वेळी त्या गप्प बसण्याचा अर्थ तिला कळला. बाई म्हणाल्या, "झालं! मला हवं ते मिळालं."

"परत घ्या ना," चिमणी म्हणाली.

बाई हसल्या. "घेऊ की."

मग मित्रांनो, काय सांगू! ती रागावून आत आली, घाबरून आली, विसरभोळ्यासारखी आली, मुलाकडे न बघता आली. माझ्या बिजागऱ्या गरम झाल्या. जेवणाची वेळ टळून गेली तरी कुणी कुरकुरलं नाही. दर वेळी दार लोटून ती मागे यायची, पदरानं चेहरा टिपायची आणि पुन्हा सज्ज. जे तिनं चोरून, माझ्याशेजारी उभं राहून केलं होतं, ते ती आता सगळ्यांदेखत करत होती.

उरकमास्तरांना कुठे एवढा धीर! ते खुर्चीत चुळबुळू लागले. शेवटी राहवेना, तेव्हा मोठ्यानं म्हणाले, "अगं, किती वेळा! पहिलाच इतका चांगला झाला होता!"

चिमणी तेव्हा माझ्यामागे होती. तिच्या कानावर ते पडलं. ती एकदम थांबली. मग तिनं कपाळ माझ्या फळीला टेकवलं आणि तशीच उभी राहिली. पलीकडून बाईंनी दोनदा हाक मारली, तरी तिला येता येईना.

मित्रांनो, दरवाजानं मुलांना काय सांगायचं असतं? बिजागरीला तेल घाला, वाळवीला औषध मारा, मला लाथेनं उघडू नका. ते तर कराच. पण त्याआधी एक करा. कुणाचं काही मनापासून आवडलं, तर तो माणूस दाराबाहेर पडायच्या आत त्याला सांगून टाका. मी मध्ये उभा असतो. माझ्यातून निम्मंच पलीकडे ऐकू जातं.